इच्छाशक्तीच्या नावाने चाललेला अन्याय

डिसेंबर संपत आला की छत्रपती संभाजीनगरात एक उपदेश जिकडे तिकडे ऐकू येऊ लागतो. महाविद्यालयांच्या सभागृहांत, कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत, सोसायटीच्या स्नेहमेळाव्यात, मोबाइलवरच्या दीड मिनिटाच्या व्हिडिओत तोच. पहाटे पाचला उठा. कुठलीही गोष्ट एकवीस दिवस सलग करा, तिची सवय होते. वहीत ध्येयं लिहून काढा. आणि एवढं करूनही संकल्प मोडला, तर तुमची इच्छाशक्ती कमी पडली असं समजा. आपल्याकडे या उपदेशाला आणखी एक शेपूट जोडलं जातं. मराठवाड्याच्या माणसाला शिस्तच नाही, पुण्या-मुंबईची माणसं बघा कशी पुढे जातात!

हा उपदेश बहुतांशी चुकीचा आहे आणि त्याचं शेवटचं वाक्य अन्यायाचं आहे. तो नीट खोडून काढला पाहिजे, कारण त्याची किंमत ऐकणारे मोजतात. फेब्रुवारी उजाडेपर्यंत पहाटेचा गजर बंद झालेला असतो, जिमचे पैसे वाया गेलेले असतात, आणि माणसाने स्वतःविषयी एक निकाल मनात लिहून ठेवलेला असतो: ‘आपल्याच्यानं काही होत नाही.’ हे वाक्य या शहरातल्या विशीतल्या मुलांच्या तोंडी मी इतक्यांदा ऐकलं आहे, की ते त्यांना कुणी शिकवलं याचा जाब विचारल्याशिवाय राहवत नाही.

आधी एकवीस दिवसांचं बघू. हा आकडा कुठल्याही प्रयोगातून निघालेला नाही. मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. त्यांचं ‘सायको-सायबरनेटिक्स’ हे पुस्तक 1960 साली आलं. शस्त्रक्रियेनंतर आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला कमीत कमी एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी आपल्या अनुभवावरून नोंदवलं होतं. पुढे उपदेशकांनी त्यातलं ‘कमीत कमी’ गाळलं, रुग्ण गाळले, आणि उरलेला आकडा व्यायामापासून अभ्यासापर्यंत सगळ्याला लावला. प्रत्यक्ष मोजमाप झालं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. 96 जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी कृती निवडली आणि ती बारा आठवडे रोज केली. ती आपोआप होऊ लागायला कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा 66 दिवसांचा. एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. म्हणजे बाविसाव्या दिवशी ज्याला अजून जड जातं, त्याच्यात काहीही खोट नाही. खोट त्याला दिलेल्या मुदतीत आहे.

या अभ्यासातली खरी महत्त्वाची गोष्ट मात्र दिवसांचा आकडा ही नाही. त्या लोकांनी आपली कृती रोज एकाच खुणेला बांधली होती. न्याहारी झाली की, जेवायच्या आधी, अशी. ती खूण रोज त्याच जागी येत राहिली म्हणून सवय तिच्यावर चढत गेली. आता ही अट वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत घेऊन जा. बजाजचा कारखाना तिथे 1985 साली सुरू झाला आणि त्याच्यामागून सुट्या भागांचे लहानमोठे असंख्य कारखाने आले. चिकलठाणा आणि शेंद्रा धरून या शहरातली किती घरं पाळीवर चालतात, ते पहाटे कुठल्याही मोठ्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभे असलेले लोक पाहिले की कळतं. अनेक ठिकाणी आठवड्याला पाळी बदलते. या आठवड्यात पहिली, पुढच्या आठवड्यात दुसरी, मग रात्रपाळी. ज्याची न्याहारी एका आठवड्यात सकाळी असते, दुसऱ्यात दुपारी आणि तिसऱ्यात झोपायच्या आधी, त्याने आपली सवय कशाला बांधायची? आणि पाळी एकट्या कामगाराची बदलत नाही. डबा करणारीची झोपही त्याच्याबरोबर बदलते, घरातल्या मुलांच्या अभ्यासाची वेळही बदलते. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी पोचलेल्या माणसाला ‘पहाटे पाचला उठा’ असं सांगणाऱ्याने त्या माणसाकडे एकदाही नीट पाहिलेलं नसतं.

पण पाळीपेक्षाही मोठा मुद्दा पाण्याचा आहे, आणि त्यावर मला थांबायचं आहे.

जायकवाडीचं धरण शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, पैठणला आहे. लालबहादूर शास्त्रींनी 1965 साली त्याची कोनशिला बसवली, इंदिरा गांधींनी 1976 साली ते राष्ट्राला अर्पण केलं. त्याचा नाथसागर हा महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक. तिथून पाणी उपसून, चढावर ढकलत शहरात आणावं लागतं, आणि ते आणणाऱ्या 700 आणि 1400 मिलिमीटर व्यासाच्या जुन्या जलवाहिन्या शहराला कधीच्या अपुऱ्या पडल्या आहेत. त्या फुटल्या की सगळ्या शहराचं वेळापत्रक पुढे सरकतं. धरण तुडुंब भरलेल्या वर्षांतही इथल्या वसाहतींनी आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येताना पाहिलं आहे. सातारा-देवळाईसारख्या भागांनी कितीतरी वर्षं टँकरवर काढली.

पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. त्या दिवशी घरातलं कुणीतरी एक जण बांधलेलं असतं. पाणी दुपारी येणार की मध्यरात्री, हे लाइनमनच्या एखाद्या फोनवर किंवा शेजारणीच्या हाकेवर कळतं. आलं की मोटर लावायची, हौद भरायचा, वरची टाकी भरायची, पिंप, हंडे, बादल्या, शेवटी भांडी. तेवढ्यात वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. हे काम बहुतेक घरांत बाईच करते, किंवा शाळा-कॉलेजातली मुलगी. तिने त्या रात्री किती वाजेपर्यंत जागायचं, हे तिच्या वहीतली ध्येयांची यादी ठरवत नाही. मग पुढचा आठवडाभर तेच पाणी पुरवायचं. कपडे कधी धुवायचे, पाहुण्यांना कधी बोलवायचं, फरशी पुसायची की झाडूनच घ्यायची, या सगळ्याचा हिशेब डोक्यात सतत चालू.

आणि या माणसांना शिस्त नाही म्हणता? आठवडाभराचं पाणी मोजून वापरणारी, अवेळी आलेली धार वाया जाऊ न देणारी बाई जेवढं नियोजन करते, तेवढं नियोजनाचे वर्ग घेणारे क्वचितच करत असतील. शिस्त भरपूर आहे. ती सगळी हौदात खर्च होते आणि स्वतःसाठी उरत नाही. पहाटेच्या फिरण्याला, शिवणकामाच्या वर्गाला, राहून गेलेल्या बारावीला जी ताकद हवी, ती नळाने आधीच घेतलेली असते.

हे माझं नुसतं मत नाही. 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आनंदी मणी, सेंथिल मुलैनाथन, एल्डार शफीर आणि जियाइंग झाओ यांचा. त्यात तामिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांची बौद्धिक चाचणी दोनदा घेतली होती, उसाच्या तोडणीआधी हात आखडलेला असताना आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर. माणसं तीच होती. पैसे आल्यावर त्यांचे गुण स्पष्टपणे वाढले. टंचाई डोक्यातली जागा खाते. पैठण आणि गंगापूरच्या शेतकऱ्याला हे कळायला अभ्यासाची गरज नाही. पण ‘कष्टाळू माणूस कुठल्याही परिस्थितीत मार्ग काढतो’ असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांना ती आहे.

दुसरा एक प्रयोग मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. स्टॅनफर्डच्या वॉल्टर मिशेल यांची मार्शमॅलोची गोष्ट या उपदेशात हमखास सांगितली जाते. समोर ठेवलेली मिठाई लगेच न खाता थांबणाऱ्या मुलाला दोन मिळतात, आणि थांबणारी मुलं पुढे आयुष्यात यशस्वी होतात. थोडक्यात, संयम असलेला जिंकतो. या गोष्टीचा पुढचा भाग मात्र कुणी सांगत नाही. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग वेगळ्या तऱ्हेने केला आणि तो 2013 साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना त्यांनी आधी चांगले रंग आणून देण्याचं कबूल केलं आणि शब्द पाळला. काहींना कबूल केलं आणि मग सांगितलं की रंग नाहीत. त्यानंतर मिठाई समोर ठेवली. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. फसलेली मुलं तीन मिनिटं. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते, एका गटात संयमी आणि दुसऱ्यात उतावीळ असं काही नव्हतं. ज्याला दिलेला शब्द मोडला गेला, त्याने वाट बघणं सोडलं, आणि त्याच्या जागी ते शहाणपणाचंच होतं.

आता या शहराला दिलेल्या शब्दांचा इतिहास आठवा. समांतर जलवाहिनीची योजना वर्षानुवर्षं गाजली, खासगी कंपनीशी करार झाला, आणि 2016 साली महापालिकेने तो रद्द केला. मग 1680 कोटींची नवी योजना आली. 12 डिसेंबर 2020 रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते तिचं भूमिपूजन झालं. मे 2022 मध्ये विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी याच शहरात पाण्यासाठी जलआक्रोश मोर्चा काढला. मग सरकार बदललं. योजनेचा खर्च 2740 कोटींवर गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाला या कामावर पुन्हा पुन्हा लक्ष ठेवावं लागलं. भूमिपूजनाच्या वेळी सातवीत असलेली मुलं बारावीपर्यंत पोचली. जे शहर वर्षानुवर्षं ‘पुढच्या वर्षी’ ऐकत मोठं झालं, तिथल्या तरुणाला दूरच्या ध्येयासाठी आज कळ सोसायला सांगताना निदान आवाज तरी खाली आणावा.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक पुढे येतात. ते म्हणतात, मग सोडूनच द्या, नववर्षाचे संकल्प हे खूळ आहे, कुठलाही दिवस सारखाच असतो. मला हेही मान्य नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन गट घेतले होते. दोन्ही गटांतल्या लोकांना स्वतःत बदल हवाच होता. एका गटाने नववर्षाचा संकल्प केला, दुसऱ्याने ‘कधीतरी करू’ म्हटलं. सहा महिन्यांनी संकल्प केलेल्यांपैकी 46 टक्के लोक टिकून होते. ‘कधीतरी’वाल्यांपैकी 4 टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक संकल्प मोडतात हे खरं, पण तारीख ठरवून सुरुवात केल्याने फरक पडतो हेही तितकंच खरं. संकल्पाची चेष्टा करणारा आणि संकल्प मोडणाऱ्याला दोष देणारा, दोघेही माणसाला एकटं सोडून देतात. माझा वाद दोघांशीही आहे.

संकल्प टिकतो कसा, हे शिकायला लंडन-अमेरिकेला जायची खरं तर गरजच नव्हती. या जिल्ह्याच्या मातीत त्याचा अभ्यास सातशे वर्षांपूर्वी झाला आहे. शहरापासून पंधरा किलोमीटरवरची देवगिरी ही यादवांची राजधानी. महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळात तेराव्या शतकात तिथे हेमाद्री नावाचा मंत्री होता. राज्याचा लेखनव्यवहार सांभाळता सांभाळता त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या व्रतखंडात त्या काळी ठाऊक असलेली शेकडो व्रतं एकत्र केली आहेत. इतिहासाचे अभ्यासक त्या खंडाकडे यादवांच्या राजप्रशस्तीसाठी जातात. मला त्यात माणसाच्या नेमाची रचना दिसते. व्रताला आरंभाचा दिवस असतो आणि, हे फार महत्त्वाचं, शेवटचाही दिवस असतो. मग उद्यापन. चार लोकांना जेवू घालून नेम पुरा झाल्याचं जाहीर करायचं. ‘आयुष्यभर रोज’ असला अवाढव्य शब्द तिथे सहसा कुणी घेत नाही. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी बाई बाराही महिने सोडायचं म्हणत नाही. व्रतांचा मोठा भार बायकांवरच टाकला गेला आणि त्यांच्या आडून त्यांना बंधनात ठेवलं गेलं, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण माणसाने स्वतःला दिलेला शब्द पाळावा यासाठी काय काय लागतं, याची जाण त्या रचनेत आहे, आणि आजच्या उपदेशात ती नाही.

पहाटे उठण्याचंच घ्या. मराठवाड्यातल्या गावागावांत कार्तिकात काकडा असतो. थंडीत, अंधारात, पोरंसोरं आणि म्हातारी माणसं देवळात जमतात. कुणाला इच्छाशक्तीवर भाषण द्यावं लागत नाही. आणि रमजानमध्ये याच शहरात शहागंज, बुढीलेन, रोशनगेट, किराडपुरा भागात अख्खे मोहल्ले महिनाभर सहरीसाठी पहाटेच्या आधी उठतात. दिवसभर पाण्याचा घोट न घेता कामावर जातात. उन्हाळ्यात रमजान आला तरी जातात. ही तीच माणसं आहेत, ज्यांना जानेवारीत ‘शिस्त नाही’ असं सुनावलं जातं. फरक एवढाच की महिन्याचा शेवट ठरलेला असतो आणि शेजारच्या घरातही दिवा लागलेला असतो. पैठणहून दरवर्षी ज्येष्ठात एकनाथांची पालखी पंढरीच्या वाटेला लागते. तिच्यामागे चालणाऱ्यांत गुडघे दुखणारी माणसं असतात. त्यांना घरी कुणी रोज चार किलोमीटर चालायला सांगितलं तर होत नाही. दिंडीत होतं.

पण या सगळ्यापेक्षा मोठं उदाहरण गेल्या शतकातलं आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंच्या समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत चोरी न करण्याची, खोटं न बोलण्याची, दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. जुने देव आणि जुने विधी सोडण्याची आहे. रोजच्या जगण्यात इतका खोल बदल मागणारा संकल्प आपल्या समाजात एवढ्या माणसांनी एका दिवशी क्वचितच केला असेल, आणि तो पिढ्यान् पिढ्या टिकला. तो एकेकट्याच्या वहीत राहिला नाही म्हणून टिकला. वस्तीवस्तीत विहार झाले, जयंत्या झाल्या, लग्नं नव्या पद्धतीने लागू लागली. शेजारी, मामा, सासू, शाळेतले गुरुजी सगळे त्याच प्रतिज्ञेत होते. पुढे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 रोजी झाला आणि नामविस्तार प्रत्यक्षात 14 जानेवारी 1994 रोजी आला. मधली जवळजवळ सोळा वर्षं माणसांनी मार खाल्ला, घरं जळताना पाहिली, तुरुंग भोगले, आणि मागणी सोडली नाही. आजही दर 14 जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जी गर्दी लोटते, तिच्यासमोर उभं राहून ‘मराठवाड्याच्या माणसाला चिकाटी नाही’ असं कुणी म्हणून दाखवावं.

बाबासाहेबांचं नाव आलंच आहे तर या उपदेशाचं सर्वांत आवडतं हत्यारही तपासून घेऊ. कुणी परिस्थितीचा मुद्दा काढला की लगेच ऐकवलं जातं: बाबासाहेबांनी काय कमी हालांत अभ्यास केला? रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकून लोक मोठे झाले, तुम्हाला काय झालं?

स्वतःच्या निर्धाराचं उदाहरण देऊन इतरांना ‘तुम्हीही करा’ असं सुनावण्याचा हक्क या देशात कुणाला असेल, तर तो बाबासाहेबांनाच होता. त्यांनी काय केलं? 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं. निजामाची राजवट संपून फार दिवस झाले नव्हते, मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती, तेव्हा 1950 साली त्यांनी याच शहरात महाविद्यालय उघडलं. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. नागसेनवन या महाविद्यालयाच्या परिसराच्या बांधकामात बाबासाहेबांनी जातीने लक्ष घातलं. खेड्यातून आलेल्या मुलाला राहायला वसतिगृह हवं, वाचायला ग्रंथालय हवं, शिकवायला चांगले प्राध्यापक हवेत, याची त्यांनी तजवीज केली. स्वतः ज्या अडचणींतून गेले त्यांतून पुढच्या मुलाने पुन्हा जावं, असं त्यांना कधीच वाटलं नाही. रस्त्यावरच्या दिव्याची गोष्ट सांगून टाळ्या घेणाऱ्यांनी नागसेनवनात जाऊन यावं.

म्हणून ज्यांना या शहरातल्या माणसांच्या सवयी बदलाव्यात असं मनापासून वाटतं, त्यांच्याकडे माझं मागणं साधं आहे. कारखानदारांनी नववर्षाच्या प्रशिक्षणवर्गावर खर्च करण्याआधी पाळ्यांचा फेर आठवड्याऐवजी महिन्यावर नेता येतो का, ते आपल्या कामगारांना विचारावं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी शेकडो मुलं दाटीवाटीच्या खासगी अभ्यासिकांत दरमहा पैसे भरून बसतात. शहरातल्या सार्वजनिक वाचनालयांच्या खोल्या रात्री उघड्या ठेवल्या तर त्यातल्या कितीतरी जणांचा संकल्प टिकेल. बायकांनी फिरायला बाहेर पडावं असं वाटत असेल तर उद्यानांतले आणि रस्त्यांवरचे दिवे लागले पाहिजेत. आणि पाणी आठवड्याने येणार असेल तर निदान ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला यावं. पाण्याची वेळ पक्की झाली तर या शहरातल्या लाखो बायकांना आठवड्यातले जेवढे तास परत मिळतील, तेवढे कुठल्याही वेळ-नियोजनाच्या पुस्तकाने मिळणार नाहीत.

वाचकांशीही दोन शब्द. संकल्प जरूर करा. पण मुदतीचा करा. आपल्या भाग्याने आपल्याकडे दोन नववर्षं आहेत, एक जानेवारी आणि पाडवा. ज्या शालिवाहन शकाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, त्याचं नातं परंपरा आपल्याच पैठणशी जोडते. या दोहोंमध्ये अडीच ते साडेतीन महिन्यांचं अंतर पडतं, आणि लॅलींच्या अभ्यासातले 66 दिवस त्यात सहज मावतात. जानेवारीत एकच गोष्ट धरा, पाडव्याला थांबून बघा, पुढे न्यायची की सोडायची ते तेव्हा ठरवा. एकट्याने धरू नका. गल्लीतल्या, खोलीतल्या, पाळीतल्या एखाद्याला बरोबर घ्या. घड्याळाला बांधता येत नसेल तर जेवणाला बांधा, नमाजाला बांधा, डबा भरण्याला बांधा. मधे चार दिवस सुटले तर पाचव्या दिवशी पुन्हा सुरू करा आणि त्यावरून स्वतःला नालायक ठरवू नका.

आणि यादीत एक ओळ सगळ्यांची मिळून असू द्या. या जानेवारीत चार-चार घरांनी एकत्र येऊन आपल्या वसाहतीत पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार, हे लेखी मागणारा अर्ज महापालिकेत द्या, त्याची पोच घ्या, आणि उत्तर आलं नाही तर पाडव्यानंतर तीच पोच घेऊन पुन्हा जा.